चाळिशीत पांढरा पट्टा : मोठी माणसं कराटे का शिकतात?



संध्याकाळी सहाच्या सुमारास साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या शाळेच्या मैदानावरून गेलात, तर पांढऱ्या पोशाखातली मुलं ओळीत उभी राहून "इची, नी, सान, शी" असं ओरडताना दिसतील. मराठी पोरं जपानीत एक, दोन, तीन, चार मोजत असतात. कडेला कट्ट्यावर आई-बाबा बसलेले असतात. मांडीवर दप्तर, हातात मोबाईल. हे दृश्य आपल्या ओळखीचं आहे. पण कधी कधी त्या कट्ट्यावरची एखादी आई किंवा एखादे वडील उठतात आणि शेवटच्या ओळीत जाऊन उभे राहतात. वय अडतीस, बेचाळीस, कधी पन्नासच्या पुढे. कमरेला पांढरा पट्टा, म्हणजे अगदी नवशिके. आणि पुढच्या ओळीत पिवळा पट्टा लावलेला त्यांचाच मुलगा!

या मोठ्या माणसांना काय हवं असतं? मारामारी तर नक्कीच नको असते. विचारलं तर बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात : "जरा फिटनेस, आणि जरा आत्मविश्वास." पहिली गोष्ट पटकन समजते. दुसरी कशी मिळते, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आपण शिक्षक रोज वर्गात तीच द्यायचा प्रयत्न करत असतो.

तालमीच्या मुलखात कराटे कशाला?

आपल्या भागाला व्यायामाची परंपरा नाही असं कुणी म्हणणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि तो किताब सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकला. गावोगावी तालमी आहेत, यात्रेला मैदानं भरतात. मग चाळिशीतला माणूस सरळ तालमीत का जात नाही?

कारण तालीम मैदानासाठी पैलवान घडवते. दहा-बारा वर्षांचं पोर मातीत उतरतं, तिथेच वाढतं. पहाटेचे जोर, बैठका, लढत, खुराक, सगळं त्याच हिशेबाने चालतं. दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटलेला एखादा कारकून तिथे गेला, तर वस्ताद त्याला हाकलून देणार नाही. पण याचं करायचं काय, हा प्रश्न वस्तादालाही पडेल. एखाद्या आईने वयाच्या चाळिसाव्या वर्षी आखाड्यात उतरायचं ठरवलं तर तिला जोडीच मिळणार नाही.

राहिलं चालणं. साताऱ्यात अजिंक्यतारा आहे, यवतेश्वरचा घाट आहे. सांगलीत आमराई आहे, कृष्णेचा घाट आहे. चालण्यासारखा सोपा आणि फुकटचा व्यायाम नाही, आणि तो सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण खूप जण जानेवारीत सुरू करतात आणि मार्चमध्ये थांबतात. माझं मत असं, की चालण्यात काल आणि आज यांत फरक दिसत नाही. नवीन शिकायला काही उरत नाही, आणि आपण गेलो नाही तर कुणी विचारतही नाही.

मुलींच्या शाळांमधूनही कराटे घरात येतं. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं. लेक घरी येऊन दिवाणखान्यात ब्लॉक करून दाखवते आणि आईला वाटतं, हे आपल्याला कुणी का नाही शिकवलं?

कराटे शाळेसाठी घडवलं ते शिक्षकांनीच

कराटे म्हटलं की डोळ्यांपुढे फरशा फोडणारी माणसं आणि ब्रूस ली येतो (तो खरं तर कुंग फूवाला). पण आजचं कराटे ज्या रूपात आपल्यापर्यंत आलं, त्यामागे शाळामास्तर आहेत, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचं बेट आहे. तिथे ही विद्या पूर्वी गुपचूप, मोजक्याच शिष्यांना शिकवली जाई. १९०१ च्या सुमारास आंको इतोसु या गुरूंनी ती प्राथमिक शाळेत नेली. आता एका शिष्याच्या जागी अख्खा वर्ग आला. मग त्यांनी अवघड, लांबलचक हालचालींच्या मालिकांतून लहान मुलांना झेपतील अशा पाच छोट्या मालिका बांधल्या. या ठरलेल्या मालिकेला 'काता' म्हणतात. १९०८ साली त्यांनी शिक्षण खात्याला एक पत्र लिहिलं. त्यातला एक मुद्दा आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही पटेल : कराटे झटपट येत नाही, पण बैल सावकाश चालला तरी शेवटी लांबचा पल्ला गाठतोच. रोज तास-दोन तास सराव केला तर तीन-चार वर्षांत शरीरात फरक दिसेल, असं ते सांगतात. तीन-चार वर्षं, तीस दिवस नव्हेत!

त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे स्वतः प्राथमिक शिक्षक. जन्म १८६८ चा, लहानपणी प्रकृती इतकी नाजूक की हा मुलगा फार जगणार नाही असं घरच्यांना वाटे. सरावाने तब्येत सुधारली म्हणून ते या विद्येला चिकटून राहिले. १९२२ साली टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला ते गेले आणि मग तिथेच राहिले. तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न. घरदार ओकिनावात, खिशात पैसे नाहीत. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचं, तिथलं अंगण आणि खोल्या झाडायच्या आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवायचं, असे त्यांनी दिवस काढले. १९५७ मध्ये वारले तेव्हा त्यांनी नव्वदीकडे वाटचाल केली होती. "आता या वयात काय सुरू करायचं?" असं म्हणणाऱ्यांना मी हा माणूस सांगते.

परीक्षा देऊन पुढच्या पायरीवर जायची पद्धत त्यांनी ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडून घेतली. हे कानोही शिक्षण क्षेत्रातलेच, टोकियोच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख. म्हणजे अवघडाचे तुकडे पाडा, सोप्याकडून अवघडाकडे जा, एक घटक पक्का झाला की चाचणी घ्या, मग पुढचा घटक. डी.एड.ला आपण हेच तर शिकलो! म्हणूनच तालमीत ज्याला जागा सापडत नाही, तो चाळिशीतला माणूस इथे पहिल्या पायरीवर सहज उभा राहू शकतो.

शरीराला काय मिळतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. चालण्यातून पहिला भाग होतो, दुसरा राहतो.

कराटेच्या तासात दोन्ही येतं. आधी अंग मोकळं करणं, मग ठोसे, लाथा, अडवणूक यांची उजळणी. याला 'किहोन' म्हणतात. मग काता, आणि पुढे जोडीने 'कुमिते'. 'किबा-दाची' म्हणजे घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं आणि तशाच अवस्थेत वीस ठोसे मारायचे. आपल्या बैठकांची ही चुलतबहीणच. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या काय ते सांगतात.

ठोसाही हाताने मारायचा नसतो, हे शिकायलाच महिना जातो. मागच्या पायाची टाच जमिनीला रेटते, तिथून जोर कमरेत येतो, कंबर वळते, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी मूठ. त्याच वेळी दुसरा हात जोराने कमरेकडे ओढायचा. लाथ मारताना एका पायावर तोल सांभाळावा लागतो. चाळिशीनंतर आपण एका पायावर शेवटचं कधी उभे राहिलो ते आठवून बघा; पायमोजेसुद्धा आपण बसून घालतो. तोल सांभाळायची ही सवय पुढे साठीत, ओल्या न्हाणीघरात उपयोगी पडते.

जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी साठी उलटलेल्या लोकांना कराटे शिकवून बघितलं होतं. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मरणशक्तीत वगैरे ठळक फरक दिसला नाही, पण मनाची स्थिती मात्र सुधारली. एका छोट्या अभ्यासावर फार भार टाकू नये. तरी "बुद्धी तल्लख होते" अशी जाहिरात कुठे वाचलीत तर हे लक्षात असू द्या.

आत्मविश्वास येतो कुठून?

बी.एड.ला अल्बर्ट बांडुरा वाचलेला आठवत असेल. १९७७ साली त्यांनी मांडलं, की "मला हे जमेल" हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यात पक्की वाट पहिली. "तू करू शकतोस!" हे भाषण पहिल्या वाटेपुढे फिकं पडतं.

आता मोठ्या माणसाचं आयुष्य बघा. नोकरी तीच, स्वयंपाक तोच, रस्ता तोच. जे येतं तेच आपण रोज करतो आणि जे येत नाही ते टाळतो. इंग्रजीत बोलणं, गाडी रिव्हर्स घेणं, सभेत उभं राहणं. नवीन काही जमल्याचा अनुभव वर्षानुवर्षं येतच नाही. मग आत्मविश्वास कमी झाला म्हणून आपण तक्रार करतो.

कराटेच्या वर्गात असा अनुभव दर आठवड्याला येतो, तोही लहान लहान. हेइआन शोदान ही पहिल्या कातांपैकी एक. तिच्यात एकवीस हालचाली. पहिल्या आठवड्यात पाचव्या हालचालीला माणूस चुकीच्या दिशेला वळतो आणि सगळा वर्ग एकीकडे, हा एकटा दुसरीकडे तोंड करून उभा. सहाव्या आठवड्यात तो शेवटपर्यंत जातो आणि जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबतो. जमलं की नाही हे कुणी सांगावं लागत नाही, पायाखालची जागाच सांगते.

ओरडण्याचंही तसंच. ठराविक ठोशाला पोटातून हुंकार काढायचा असतो, 'किआई'. दिवसभर साठ मुलांच्या वर्गात माझा आवाज चढलेला असतो, पण पहिल्या दिवशी किआईला माझ्या तोंडून चिमणीएवढा आवाज निघाला. मोठ्याने ओरडायची बाईमाणसाला इतकी लाज वाटते, हे मला तिथे कळलं. ती लाज जायला दोन महिने लागले. पुढे एका पालकसभेत एक गृहस्थ वरच्या आवाजात बोलू लागले तेव्हा मी आवाज न चढवता, पाय घट्ट रोवून उभी राहिले. एरवी मी टेबलामागे सरकले असते.

कुमितेत समोरच्याची मूठ चेहऱ्याच्या अलीकडे थांबते. सुरुवातीला डोळे आपोआप मिटतात. हळूहळू ते उघडे राहू लागतात. भीती जात नाही, पण तिच्याकडे बघता येतं. आणि हे सगळं होतं कुणासमोर? आपल्याच मुलांसमोर. "बाबा, डावा पाय पुढे!" असं मुलाने सांगायचं आणि बापाने ऐकायचं. घरी अभ्यासावरून रोज उलट चालतं. चुकणारा बाप पाहिलेलं मूल गणित चुकल्यावर वही लपवत नाही, असा माझ्या वर्गातला तरी अनुभव आहे.

वय आडवं येतं का? टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, महिलांच्या काता प्रकारात स्पेनच्या सान्द्रा सांचेझने सुवर्णपदक घेतलं तेव्हा ती ३९ वर्षांची होती.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सहा महिने वर्गात गेल्याने रस्त्यावर चाकू घेऊन आलेल्या माणसाला कुणी अडवू शकत नाही. जो शिकवणारा तसं सांगतो तो तुमच्या लेकीला धोक्यात घालतो. तिथून निसटणं, ओरडणं, ११२ ला फोन करणं हेच पहिलं. फुनाकोशींचं तत्त्वच होतं, की कराटेत पहिला वार आपला नसतो. हेइआन शोदानची सुरुवातही हल्ल्याने नाही, अडवणुकीने होते.

नाव घालण्याआधी

रक्तदाब, हृदय किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्यालाही सांगा. वाकलेला गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच हवा, आत झुकायला नको. याकडे जो लक्ष देतो तो शिक्षक चांगला. उड्या मारून लाथा आणि जोराचं कुमिते मोठ्यांना सक्तीचं असू नये. एक दिवस कट्ट्यावर बसून तास बघा : सर चुकलेल्याला हसतात की दाखवून देतात? एका वर्षात ब्लॅक बेल्टची हमी मिळत असेल तर उठून घरी या, त्याला साधारण चार-पाच वर्षं तरी लागतात. प्रत्येक पट्ट्याच्या परीक्षेची फी किती, हे पहिल्याच दिवशी विचारा; मासिक फी कमी आणि परीक्षेची भरमसाट, असं काही ठिकाणी असतं. आणि पोशाख लगेच विकत घेऊ नका. पहिला महिना टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर चालतं. अनवाणीच उभं राहायचं असतं, त्यामुळे बुटांचा खर्च नाहीच.