दूध पुरतंय ना गं?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. अशा वेळी फोन वाजला की पोटात धस्स होतं. पलीकडे माझी भाची होती. बाळंतपणासाठी कोथरूडला माहेरी आलेली, बाळ जेमतेम अठरा दिवसांचं. "मावशी, माझं दूध पुरत नाहीये गं," एवढंच बोलली आणि रडायलाच लागली. मागे बाळाचं रडणं आणि त्याच्याही मागे माझ्या ताईचा आवाज, "तिला सांग, डबा आणून ठेवलाय म्हणावं."

सकाळी स्कूटर काढली आणि नऊच्या आत पोहोचले. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास, पलंगावर अळिवाच्या लाडवांचा डबा, आणि टेबलावर दोन नव्या वस्तू. एक ब्रेस्टपंप आणि एक दूध पावडरचा डबा. डब्याचं सील अजून फोडलेलं नव्हतं. "बघ ना मावशी, अर्धा तास पंप लावला, तर एवढंच निघालं," म्हणत तिने बाटली दाखवली. तीस मिली असेल. ताई म्हणाली, "संध्याकाळ झाली की बाळ नुसतं सुटतच नाही. पितं, सोडतं, परत रडतं. पोटच भरत नाही त्याचं."

मी दोनच प्रश्न विचारले. बाळ दिवसभरात शू किती वेळा करतं? आणि वजन किती? दोघींनी बोटं मोजली. शू सात-आठ वेळा. वजनाचं कार्ड कपाटातून निघालं. जन्माच्या वेळी दोन किलो नऊशे, तिसऱ्या दिवशी दोन सातशे, आणि पंधराव्या दिवशी तीन किलो पन्नास ग्रॅम. मी म्हटलं, "अगं, पाणीसुद्धा न देता बाळ साडेतीनशे ग्रॅम वाढलं. मग हे आलं कुठून?" दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

मैत्रिणींनो, हा प्रसंग सांगतेय कारण यात मला माझंच घर दिसलं. २००२ मध्ये माझा मुलगा झाला. तोही संध्याकाळी असाच रडायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी माझं दूध पेल्यात काढायला लावलं, उजेडात धरून पाहिलं आणि निकाल दिला, "पाण्यासारखं आहे, याने काय पोट भरणार?" कुणाची दृष्ट लागली असेल म्हणून मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या. शेवटी डबा आला. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण पहिल्या बाटलीनंतर बाळ चार तास झोपलं आणि सगळ्यांचीच खात्री पटली. दोन महिन्यांत अंगावरचं दूध आटलं. 'मला दूधच नव्हतं' हे मी पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत होते. वस्तीतल्या कामासाठी मातांच्या आहाराचं एक प्रशिक्षण घेतलं, तेव्हा कळलं की दूध होतं. ते आम्ही सगळ्यांनी मिळून घालवलं.

दूध बनतं कसं?

आपल्याला वाटतं, दूध म्हणजे टाकीतलं पाणी. वापरलं की संपलं, म्हणून जरा साठू द्यावं. प्रत्यक्षात उलट आहे. बाळ जितकं ओढेल, तितकं नवीन तयार होतं. स्तन भरलेला राहिला की शरीराला निरोप जातो, गरज नाही, बनवणं कमी करा. म्हणून एक बाटली दिली की तेवढ्यापुरतं ओढणं कमी, ओढणं कमी म्हणून दूध कमी, आणि दूध कमी म्हणून दुसरी बाटली. माझ्या घरी हेच झालं होतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं टाळून चालत नाही. आणि दूध बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन काळजी आणि वेदना यांनी अडतं. बाळंतिणीला चार जणींनी घेरून 'येतंय का, येतंय का' विचारलं की पान्हा फुटायचा कसा?

पातळ दिसण्याचंही तसंच. पुण्यात आपल्या डोळ्यांना सवय चितळ्यांच्या म्हशीच्या दुधाची. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, आईच्या दुधात साधारण चार. आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं आणि म्हणूनच सहा महिने बाळाला वरचं पाणी लागत नाही, अगदी वैशाखातसुद्धा. त्यातून सुरुवातीचं दूध पातळ आणि नंतरचं दाट, म्हणून एक बाजू नीट संपू द्यायची आणि मग दुसरी द्यायची.

जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस तर प्रत्येक घरात ही शंका येतेच. 'दूध उतरलं नाही' म्हणून मध, साखरपाणी, गुटी सुरू होते. पण त्या दिवसांत जो पिवळसर चीक येतो, तो चमचाभर असला तरी त्या एवढ्याशा पोटाला पुरतो आणि बाळाला रोगांशी लढण्याची ताकद देतो. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचा नाही. त्यातून जंतूंची गंभीर बाधा होऊ शकते.

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात ४१.८ टक्के बाळांनाच पहिल्या तासात आईचं दूध मिळालं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर होती ६३.७ टक्के. म्हणजे तिसऱ्या बाळाला काहीतरी वरचं दिलं जातंच.

खरी मोजमापं

भाचीला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. बाळ रडतं म्हणजे भुकेलंच असतं असं नाही. संध्याकाळी बहुतेक तान्ही बाळं चिडचिडी होतात आणि सारखी पिऊ बघतात. तीन आठवडे, दीड महिना अशा वाढीच्या टप्प्यांवर तर दोन-तीन दिवस जास्तच. त्याला पाजत राहावं, दूध आपोआप वाढतं. पंपात किती आलं यावरून दूध ठरत नाही, कारण बाळासारखं ओढणं कुठल्याच यंत्राला जमत नाही. दीड महिन्यानंतर स्तन मऊ लागले म्हणजे दूध आटलं असंही नाही.

बघायचं हे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतंय का? पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू करतं का? दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन भरून आलं का, आणि नंतर आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वाढतंय का? या तिन्हींना 'हो' असेल तर निश्चिंत राहा.

भाचीची अडचण वेगळीच निघाली. ती वाकून बाळाच्या तोंडाशी स्तन नेत होती आणि बाळ नुसतं टोक चोखत होतं. स्तनाग्राला चिरा पडलेल्या, म्हणून पाजायचं म्हटलं की अंगावर काटा. पाठीला उशी दिली, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, बाळाने मोठा 'आ' केल्यावरच त्याला जवळ ओढायला सांगितलं. भोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेला, हनुवटी टेकली आणि गिळण्याचा आवाज आला. ताई म्हणाली, "अगं, हे तर कुणी दाखवलंच नाही मला. माझ्याही वेळी नाही."

लाडवांबद्दल मात्र गैरसमज नको. अळीव, डिंक, मेथी, खसखस, शतावरी यांनी दूध वाढतंच असा भक्कम पुरावा नाही. पण बाळंतिणीला रोज साधारण सहाशे कॅलरी जास्त लागतात, आणि आपल्या आज्यांनी ती सोय लाडवात केली होती. फक्त त्यापायी पाणी तोडणं, डाळी-भाज्या बंद करणं नको. तहान लागेल तेवढं पाणी, भाजी, वरण, भाकरी आणि झोप. हे मिळालं तर लाडू एखादा कमी चालेल.

शांत बाळ

आता दुसरी बाजू. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत मी गेली काही वर्षं जाते. तिथे एक बाळ सगळ्यांचं कौतुकाचं होतं. "काय शहाणं आहे हो ताई, रडत म्हणून नाही. पाजायलासुद्धा उठवावं लागतं." महिन्याचं बाळ, पण हात बघितले तर कातडी सैल. दिवसाला दोन-तीनदा शू, तीही गडद पिवळी. मी आणि आशाताई त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. वजन जन्माइतकंही नव्हतं. बाळंतपणात तिला खूप रक्तस्राव झाला होता, अंगात रक्त कमी, आणि बाळ इतकं अशक्त की ओढायची ताकदच नाही. थोडं पिऊन थकून झोपायचं. रडणाऱ्या बाळाला बाटली मिळते, पण हे न रडणारं बाळ उपाशी राहिलं होतं.

तिला दूध खरंच कमी होतं. अशा आया थोड्या असतात, पण असतात. जास्त रक्तस्राव, थायरॉईडचा विकार, वार आत राहणं, स्तनाची शस्त्रक्रिया, अशी कारणं असू शकतात. तिथे 'मनात आण, येईल दूध' म्हणणं हा अन्याय आहे. डॉक्टरांनी तिला औषधं दिली, दर वेळी आधी अंगावर घ्यायला सांगितलं आणि नंतर वाटी-चमच्याने मोजून वरचं दूध. घरात जुनं बोंडलं असेल तर तेही चालतं, फक्त दर वेळी उकळलेलं हवं. पावडर डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घालायची. पैसे वाचवायला एका चमच्याचं दोनदा करणं सर्रास चालतं, आणि त्याने बाळ पाण्यावरच वाढतं.

बाळ सावरलं. पण एक दिवस ती मला म्हणाली, "ताई, मीच कमी पडले का हो?" मी तिला जवळ घेतलं. रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपण तिसरी-चौथीपासून ऐकतो. एसटी स्थानकांवरच्या पाजण्याच्या खोलीलाही तिचंच नाव आहे. पण प्रत्येक आईला तोच कडा उतरायला लावू नये. ही बाई दीड महिन्यात धुण्याभांड्याच्या कामाला परत गेली. कायद्याने नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. चार घरची कामं करणारीला कोण देणार? आमच्या गटाने तिच्या दोन मालकिणींशी बोलून दुपारची एक तासाची सुट्टी मिळवली. हाताने दूध काढून ठेवायलाही शिकवलं. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, फार उकाडा नसेल तर ते चार तास टिकतं.

डबा आणि कायदा

दूध पावडरच्या डब्यावर बाळाचं चित्र नसतं, हे कधी लक्षात आलंय? तो आपल्या देशाचा कायदा आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा डब्यांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली, तेव्हा ११८ देश बाजूने होते आणि विरोधात एकटी अमेरिका. आपल्याकडे १९९२ मध्ये कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. डब्याची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू, सगळ्याला बंदी. डबा म्हणजे विष नव्हे, वस्तीतल्या त्या बाळाला तो लागलाच. पण तो औषधासारखा, डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यायचा. शेजारीण म्हणाली म्हणून नाही.

ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचं दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या आयांनी दिलेलं दूधही आता मिळतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससूनमध्येही अशी पेढी आहे. ज्यांना भरपूर दूध आहे, त्यांनी जरूर चौकशी करावी.

भाचीचं बाळ आता चार महिन्यांचं आहे, गुबगुबीत. तो डबा सील न फोडता ताईने औषधाच्या दुकानात परत दिला. मी मात्र अजून कधीकधी माझ्या मुलाच्या लहानपणचे फोटो बघते. त्या वेळी माझ्याशेजारी कुणी पाच मिनिटं बसून फक्त बघितलं असतं, तर!

म्हणून एक सांगणं. पुढच्या वेळी बाळ बघायला जाल, तेव्हा बाळंतिणीला 'दूध पुरतंय ना?' विचारू नका. त्या प्रश्नानेच तिच्या मनात शंका पेरली जाते. 'तू जेवलीस का? झोप झाली का?' असं विचारा. आणि जमलं तर तासभर बाळ सांभाळून तिला झोपू द्या.