आधी पलंगाजवळ उभं राहून बघा

घरातल्या थोरांना स्मृतिभ्रंश होतो, सांभाळणारं माणूस थकतं आणि एक दिवस शुश्रूषा केंद्राची चौकशी सुरू होते. तिथे आपण महिन्याचे पैसे विचारतो, डॉक्टर कधी येतात ते विचारतो. ते विचारायलाच हवं. पण जागाही तपासायला हवी, कारण या आजारात जागाच माणसाला सावरते, नाहीतर गोंधळात टाकते. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक रिचर्ड फ्लेमिंग यांनी त्यासाठी एक प्रश्नावलीच तयार केली. त्या नजरेने कसं पाहायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी पलंगाजवळ उभ्या राहा. तिथून शौचालय दिसतं का? वाट आठवत नसली, तरी समोर दिसलं की पाय तिकडे वळतात. दार बंद आणि भिंतीच्याच रंगाचं असेल, तर आजी शोधत राहतात, कपडे ओले होतात आणि ‘यांना आता कळत नाही’ म्हणून डायपर लागतो. कित्येकदा दोष त्या दाराचा असतो! दाराला वेगळा रंग, त्यावर चित्र आणि ठळक मराठी अक्षरं, एवढ्यानेही फरक पडतो.

मग खाली बघा. चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते, काळं पायपुसणं खड्डा वाटतो. पाऊल अडखळतं आणि पडण्याची भीती वाढते. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड नीट दिसत नाही, त्याची बैठक गडद रंगाची हवी.

आता पाच मिनिटं नुसतं ऐका. कुणी बघत नसलेला टीव्ही दिवसभर चालू आहे का? भांड्यांचा खणखणाट, सतत वाजणारी घंटा? नको ते आवाज गाळून ऐकणं या माणसांना जमत नाही, म्हणून ती चिडतात.

फिरायला जागा आहे का? वाट कुलूपबंद दारापाशी संपली, तर माणूस ते दार ठोकत बसतो. वाट वळून अंगणातून परत बसायच्या जागी आली, तर तोच माणूस शांतपणे फेऱ्या मारतो.

आणि घरपण? स्वतःची गोधडी, तरुणपणीचे फोटो ठेवू देतात का? शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं करू देतात का? नेदरलँड्समधल्या वेस्प गावी २००९ साली होगेवेक ही वस्ती सुरू झाली. तिथे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण मोठ्या वॉर्डात नाही, तर लहान लहान घरांत गटाने राहतात आणि वस्तीतल्याच दुकानात खरेदीला जातात. एवढा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, पण रंग, दिवे आणि दारावरची चित्रं कुणालाही परवडतात.

शेवटची सूचना. केंद्र एकदा सकाळी पाहा आणि एकदा तिन्हीसांजेला. त्या वेळी अनेकांची बेचैनी वाढते. दिवे अंधार पडण्याआधी लावले आहेत का, कुणाला खुर्चीला बांधून तर ठेवलेलं नाही ना, हे तेव्हाच कळेल. आणि पेशंट घरीच असेल, तर हीच तपासणी आज आपल्या घरात करा. सुरुवात पलंगापासून.