मातींतील वायु आणि वायुबंद पिचकारी

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं झालेल्या भूकंपानें लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व आसपासचीं गांवें उद्ध्वस्त झालीं. सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. पुढें हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं तेथें भूपृष्ठावर उमटलेल्या भेगेवरील मातींतला वायु तपासला आणि त्यांत हेलियमचें प्रमाण असाधारण आढळल्याचें १९९४ सालीं प्रसिद्ध केलें.

हा हेलियम येतो कोठून? किल्लारीस बेसाल्टचा थर सुमारें ३३८ मीटर जाड आहे. त्याखालच्या प्राचीन खडकांत युरेनियम व थोरियम यांचें विघटन अखंड चालू असतें व त्यांतून हेलियम निर्माण होतो. खडक अभंग असेपर्यंत तो बराचसा कोंडून राहतो; भेग पडली कीं तो वाट काढून वर येतो.

परंतु हा पाहुणा हातीं लागणें कठीण. साध्या हवेंतही दहा लाख भागांत सुमारें ५.२ भाग हेलियम असतो. मातींतील वायूंत तो १० भाग असला आणि नमुन्यांत निम्मी हवा शिरली, तर मोजमाप ७.६ च दाखवील. भेग असूनही ती नसल्यासारखी भासेल.

डॉक्टरांच्या साध्या पिचकारींत औषधाचा थेंब अडतो, पण वायु दट्ट्याच्या कडेनें निसटतो. वायुबंद पिचकारीची कांचनळी अत्यंत नेमक्या मापाची असते. दट्ट्याचें टेफ्लॉनचें टोंक तिच्या भिंतीस घट्ट भिडतें, आणि सुईपाशीं लहानशी तोटी असते. जमिनींत पोकळ सळई ठोकून तिच्या रबरी बुचांतून सुई आंत घालतात. आरंभीं ओढलेला वायु बाहेर सोडून देतात, म्हणजे सळईंतील जुनी हवा निघून जाते. मग नमुना घेऊन तोटी बंद करतात व शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेंत पोंचवितात. कारण हेलियम कांच व टेफ्लॉन यांतूनही हळूहळू झिरपतो. तोटी बंद करून पिचकारी पाण्यांत धरावी व दट्ट्या दाबावा. बुडबुडा दिसला तर ती पिचकारी बाजूस ठेवावी.

नांदेड शहरास २००६ पासून कांहीं वर्षें लहान धक्क्यांनीं अस्वस्थ केलें. २१ मार्च २०२४ चा हिंगोलीचा धक्काही तेथें जाणवला. अशा वेळीं लोक विचारतात, मोठा भूकंप केव्हां होणार? हेलियम त्याचें उत्तर देत नाहीं. भेग कोठें असावी, एवढेंच तो सुचवितो. दिवस व घटका सांगत नाहीं. म्हणून गळक्या पिचकारीच्या आंकड्यावरून गांवांत घबराट पसरविणें जितकें वाईट, तितकेंच त्यावरून निर्धास्त होणेंही वाईट. किल्लारीस दगडमातीच्या जाड भिंतींनीं व जड माळवदांनीं असंख्य बळी घेतले. तेव्हां पिचकारी भूगर्भाचें वृत्त आणील; प्राण वांचवील तें मात्र भूकंपास टिकणारें घरच.