डोहावरची पाटी यंदा कोरूनच लावू या



पावसाळ्याआधी काठावरच्या पाट्या बदलायच्या आहेत. आजवर कन्हानच्या काठी आपण तीन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. सागाच्या फळीला बुडातून वाळवी लागली. टिनाच्या पाटीवर अक्षरं गेली, गंज राहिला. फ्लेक्सच्या तर एका उन्हाळ्यात चिंध्या झाल्या. मागच्या साली बंदीच्या दिवसांत एकाला जाळं टाकताना अडवलं, त तो म्हणे, "पाटीवर कुठी काय लिहिलं हाये?" आम्ही वळून पाहिलं. खरंच काही उरलं नव्हतं. बंदीचं एक वेळ समजावून भागेल. पण डोहाजवळची "पाणी खोल आहे" ही अक्षरं पुसली, तर बाहेरगावचं पोरगं सरळ आत उतरतं.

म्हणून यंदा रंगवलेली नाही, कोरलेली पाटी. गच्चीवर, बागेत लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्या बसवतात, त्याला डेकिंग म्हणतात. त्यांचे उरलेले तुकडे पाटीला पुरतात. पण घेताना पारखून घ्या.

फळीचं कापलेलं टोक पाहा. आत पोकळ नळ्या दिसल्या तर ती कोरायच्या कामाची नाही. डब्ल्यूपीसी फळीत लाकडाचा भुसा असतो. वरची साल कोरली की तिथून पाणी शिरून ती फुगू शकते. आपल्याला हवी भरीव, भुसा नसलेली पीव्हीसी फळी. तिला वाळवी लागत नाही, ती पाणी पीत नाही. राउटर मशीनने स्वच्छ कोरली जाते. छोटी पाटी पटाशीनेही होते.

अक्षरं मोठी ठेवा. दहा फुटांवरून नीट वाचायला साधारण एक इंच उंची लागते. नावेतून तीस फुटांवरून वाचायचं असेल तर तीन इंच. मात्रा, अनुस्वार बारीक ठेवू नका, आधी तेच दिसेनासे होतात. कोरलेल्या खाचेत बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक रंग भरा. रंग फिका पडला तरी खाच राहते, पुन्हा भरता येतो.

पाटीची जमीन काळी किंवा गडद करू नका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पीव्हीसी तापून वाकतं. ते उन्हात वाढतं, थंडीत आकसतं, म्हणून स्क्रूचं भोक थोडं मोठं पाडा, स्क्रू स्टीलचा घ्या आणि करकचून आवळू नका. मागे लोखंडी अँगलचा आधार द्या.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कोरताना तोंडाला मास्क बांधा. खाली ताडपत्री टाकून सगळा कीस गोळा करा. तो चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. नदीत तर अजिबात जाऊ देऊ नका. मासे वाचवायची पाटी कोरायची आणि तिचाच कीस माशांच्या पोटात, हे आपल्याला शोभत नाही.

दोन पाट्यांचा मजकूर असा:

"पाणी खोल आहे. उतरू नका."

"१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. मासे अंडी घालतात."

कतला, रोहू, मृगल याच दिवसांत अंडी घालतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पाटी आहे ती ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी.

ज्यांच्याकडे राउटर आहे, सुतारकामाचा हात आहे, त्यांनी समितीशी बोलावं. पहिली पाटी डोहावर लावू.

— सचिव, आपली मच्छीमार सहकारी समिती, रामाकोना