छोट्या छेदाआधीचे मोठे प्रश्न

आमच्या नात्यातील २४ वर्षांचा एक मुलगा नगरच्या मार्केट यार्डात वडिलांबरोबर आडतीच्या दुकानात बसतो. दीड-दोन वर्षे त्याला जेवणानंतर पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या अंगाला कळ येत असे. वजन ६२ किलोंवरून ५१ वर आले. घरात स्थळे पाहणे सुरू होते. त्यामुळे आजाराची वाच्यता नको, असाच सर्वांचा कल. पहिले निदान आतड्याच्या क्षयाचे झाले. औषधांचा पूर्ण क्रम झाला, थोडा आराम पडला. परंतु आतड्याची दुर्बिणीने फेरतपासणी करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. पुन्हा कळा सुरू झाल्यावर कळले, की आजार क्षयाचा नसून क्रोन्सचा आहे.

पुण्याच्या शल्यचिकित्सकांसमोर आम्ही बसलो, तेव्हा त्याच्या वडिलांचा एकच प्रश्न होता : “डॉक्टरसाहेब, दुर्बिणीने होईल ना?” उत्तर मिळाले, “होईल. पण आज नाही.” त्या क्षणी आम्हा सर्वांना ते उत्तर रुचले नाही. आज वाटते, त्या ‘आज नाही’मुळेच मुलगा नीट घरी आला.

क्रोन्स हा आतड्याला वारंवार सूज आणि व्रण आणणारा दीर्घकालीन आजार आहे. १९३२ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे आवडते ठिकाण. आणि आपल्या देशात क्षयही नेमका तेथेच घर करतो. दोन्हींत ताप, कळा, वजन घटणे सारखेच. क्षय असताना क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर क्षय उफाळतो. उलट क्रोन्सला क्षयाची औषधे देत राहिले तर आतडे आतून अरुंद होत जाते. म्हणून क्षयाची औषधे सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी आत दुर्बीण घालून व्रण भरले की नाही हे पाहणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेच्या निवडीची पहिली पायरी अचूक निदान हीच होय.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवून तीन-चार लहान छिद्रांतून काम करतात आणि आजारी तुकडा काही सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये या पद्धतीने भारतातील पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. वेदना कमी, आतडे लवकर चालू, हर्नियाचा धोका कमी, आतडी एकमेकांना चिकटणेही कमी. क्रोन्सच्या रुग्णाला पुढे आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. त्यामुळे हे लाभ त्याच्यासाठी अधिक मोलाचे आहेत.

मात्र मी आयुष्यभर कर्जप्रकरणांची छाननी केली आहे. अर्जदाराची निकड आणि त्याची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी असतात. येथेही तसेच आहे.

आजार लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्या भागापुरता असेल, पूर्वी पोटावर मोठी शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर रुग्ण या पद्धतीस सर्वांत योग्य. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्स व ब्रिटनमधील १४३ रुग्णांच्या अभ्यासात, ४० सेंटिमीटरपेक्षा कमी आतडे आजारी असलेल्यांना महागडी इंजेक्शने किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांपैकी एक उपचार दिला गेला. वर्षभराने दोन्ही गटांचे जीवनमान जवळपास सारखेच होते. म्हणजे योग्य रुग्णासाठी शस्त्रक्रिया हा केवळ शेवटचा उपाय नाही.

पोटात पू साठला असेल तर आधी सुईने तो काढून, प्रतिजैविके देऊन थांबावे लागते. आतड्यांचा मोठा गोळा झाला असेल, किंवा एका आतड्यातून दुसऱ्यात वाट पडली असेल, तर अनुभवी हातांनीच ठरवायचे. अनेक ठिकाणी अरुंदपणा असल्यास आतडे कापून टाकण्याऐवजी ते रुंद करून शिवतात. ही युक्ती प्रथम भारतातील डॉ. कटारिया व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये क्षयाच्या रुग्णांवरील अनुभवातून मांडली. पुढे ती क्रोन्ससाठी जगभर स्वीकारली गेली. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून पूर्ण करावी लागली, तर ते अपयश नव्हे, विवेक होय.

आमच्या मुलाला थांबवण्याचे कारण वेगळे होते : कुपोषण आणि स्टिरॉइड. दीर्घकाळ रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्या, वजन झपाट्याने घटलेल्या रुग्णात आतड्याचा जोड सुटण्याचा धोका वाढतो. सहा-सात आठवडे पोषक द्रव आहार, दूध, पनीर, मुगाचे कढण आणि स्टिरॉइड हळूहळू कमी करणे, असा क्रम ठरला.

येथे आपल्या घरांतील एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या त्याच शेवटच्या भागात शोषले जाते. आपल्या शाकाहारात ते मुळातच कमी. त्यात तो भाग आजारी किंवा काढलेला. म्हणून तपासणी करून इंजेक्शने घेणे आवश्यक. दुसरे, तो काळ पर्युषणाचा होता. मुलाच्या आजीची इच्छा त्याने निदान एक उपवास करावा. तिनेच महासतीजींना विचारले. महासतीजींनी सांगितले, की पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत ते अशाच प्रसंगांसाठी. शरीर हे साधनेचे साधन आहे. आजीने स्वतः त्याला दुधाचा पेला दिला.

सात आठवड्यांनी दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. आज तो पुन्हा दुकानात बसतो. तथापि आजार मुळापासून गेलेला नाही. जोडाच्या ठिकाणी तो परतू शकतो, म्हणून सहा महिने ते वर्षभरात पुन्हा आतून तपासणी. धूम्रपान पूर्ण वर्ज्य. आणि ज्या घरात बोलणी सुरू झाली, तेथे वडिलांनी आजार आधीच सांगितला.

तेव्हा डॉक्टरांसमोर बसाल, त्या वेळी ‘दुर्बिणीने होईल ना?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे : क्षय नाही हे नक्की झाले का? आजार किती लांबीचा आहे? पू आहे का? रुग्णाचे वजन, रक्त आणि औषधे शस्त्रक्रियेस अनुकूल आहेत का? आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? या उत्तरांनंतर डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले, तर थांबण्यातच हित आहे.