बाळाचे स्वतःच्या हाताने खाणे

बाळाचे स्वतःच्या हाताने खाणे ही शिशुविकासातील एक अवस्था आहे. या अवस्थेत साधारण सहा महिन्यांनंतरचे बाळ दुधाव्यतिरिक्तचे अन्न हाताने उचलणे, तोंडापर्यंत नेणे, चावणे व गिळणे या क्रिया क्रमाक्रमाने आत्मसात करते. ही अवस्था पूरक आहाराच्या काळात, म्हणजे सुमारे ६ ते २३ महिन्यांच्या वयात येते. याच काळात बाळाची वाढ वेगाने होत असते आणि कुपोषणाचा धोकाही सर्वाधिक असतो. त्यामुळे बाळाने काय खावे याइतकाच त्याने ते कसे खावे हा प्रश्नही बालरोगशास्त्र व पोषणशास्त्र यांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे.

संज्ञा

आईच्या दुधाला किंवा पावडरच्या दुधाला जोड म्हणून दिल्या जाणाऱ्या अन्नाला पूरक आहार म्हणतात. बोलीभाषेत त्याला ‘वरचे अन्न’ किंवा ‘वरचे खाणे’ असे म्हटले जाते. ‘दूध तोडणे’ ही क्रिया याहून वेगळी आहे. पूरक आहार सुरू होताच स्तनपान थांबवणे अपेक्षित नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. २००१ पूर्वी पूरक आहाराच्या आरंभासाठी चार ते सहा महिने हे वय सांगितले जात असे. त्या वर्षी जागतिक आरोग्य परिषदेच्या ठरावाने सहा महिने हे वय निश्चित केले.

शारीरिक सिद्धता

नवजात बाळाच्या तोंडात दुधाव्यतिरिक्त काही गेले, तर जीभ ते आपोआप बाहेर ढकलते. ही प्रतिक्षिप्त क्रिया चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान मंदावते. सहाव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक बाळांची मान स्थिर होते, ती आधाराने सरळ बसू लागतात आणि समोरची वस्तू पकडून तोंडात घालतात. मान सावरणे, बसणे आणि हाताने वस्तू तोंडात नेणे या तिन्ही गोष्टी जमू लागल्या की बाळ अन्नासाठी तयार झाले असे मानले जाते. दात येणे ही पूर्वअट नाही, कारण मऊ अन्न हिरड्यांनीही चिरडता येते. केवळ रात्री जागणे किंवा मुठी चोखणे ही भुकेची वा तयारीची खात्रीलायक खूण नव्हे. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांबाबत आरंभाचे वय वैद्यकीय सल्ल्याने ठरवले जाते.

कौशल्यांचा क्रम

सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाची पकड मुठीची असते. ते वस्तू तळहातात धरते, पण मुठीच्या आत दडलेला भाग त्याला खाता येत नाही. म्हणून या वयात मोठ्या माणसाच्या बोटाएवढे लांब आणि मऊ तुकडे सोयीचे पडतात. वाफवलेल्या गाजराची किंवा लाल भोपळ्याची फोड, पिकलेले केळे, उकडलेले रताळे ही त्याची उदाहरणे होत.

नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास अंगठा व तर्जनी यांची चिमटीची पकड येते. त्यानंतर बाळ ताटलीतील भाताचे शीत किंवा शिजलेल्या मुगाचा दाणा वेचून खाऊ शकते. याच सुमारास जीभ घास बाजूला सरकवून हिरड्यांखाली आणू लागते. चमचा न सांडता तोंडापर्यंत नेणे बहुधा पहिल्या वाढदिवसानंतर, १२ ते १८ महिन्यांच्या काळात हळूहळू जमते. त्याआधी अन्न सांडणे, चिवडणे, अंगाला फासणे व जमिनीवर टाकणे हा शिकण्याचाच भाग असतो.

अन्नाचा पोत वेळेवर बदलणेही महत्त्वाचे ठरते. ब्रिटनमधील एव्हन परगण्यातील बालकांच्या दीर्घकालीन अभ्यासात पुढील बाब आढळली. ज्यांना दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेले अन्न मिळालेच नव्हते, त्यांना सव्वा वर्षाच्या वयात खाण्याच्या अडचणी अधिक होत्या. त्यामुळे सर्व अन्न दीर्घकाळ मिक्सरमधून बारीक करून देणे तज्ज्ञांना योग्य वाटत नाही.

क्लारा डेव्हिस यांचा प्रयोग

बाळाला स्वतःच्या भुकेचे भान किती असते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून केला. नुकतेच दूध सुटलेल्या एकूण १५ बालकांपुढे प्रत्येक जेवणात वेगवेगळ्या भांड्यांत साधे पदार्थ ठेवले जात. त्यांत दूध, धान्ये, मांस, अंडी, भाज्या व फळे यांचा समावेश होता. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसत असे. बाळाने एखाद्या भांड्याकडे हात नेला किंवा बोट दाखवले, तरच ती चमचा भरून पुढे करी. आग्रह, कौतुक वा नापसंती दाखवण्यास तिला मनाई होती.

प्रत्येक बालकाची निवड निराळी होती आणि ती जेवणागणिक बदलत असे. तरीही सर्वांची वाढ चांगली झाली. मुडदूस झालेले एक बालक बरे होईपर्यंत कॉड माशाच्या यकृताचे तेल आपणहून घेत राहिले. या प्रयोगाचा अर्थ पुष्कळदा ‘मुलांना हवे ते खाऊ द्यावे’ असा लावला गेला, परंतु डेव्हिस यांचा निष्कर्ष तसा नव्हता. पुढे ठेवलेल्या यादीत साखर व प्रक्रिया केलेले पदार्थ नव्हते, आणि प्रयोगाचे मर्म त्या यादीतच आहे असे त्यांनी स्पष्ट केले होते. पदार्थ निवडणे हे मोठ्यांचे काम आणि किती खायचे हे बाळाने ठरवायचे, ही आज प्रचलित असलेली विभागणी याच विचाराशी जुळते.

बाळाच्या पुढाकाराने आहार

ब्रिटनमधील आरोग्यसेविका गिल रॅपली यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘बेबी-लेड वीनिंग’ या पद्धतीचा पुरस्कार केला. ट्रेसी मर्केट यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत पातळ पेज वा लगदा चमच्याने भरवण्याची पायरी बहुतांशी वगळली जाते. बाळाला कुटुंबासोबत बसवून हातात धरता येतील असे मऊ तुकडे दिले जातात.

या पद्धतीवर तीन आक्षेप घेतले गेले: अन्न घशात अडकण्याची भीती, लोहाची कमतरता आणि अपुरी ऊर्जा. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी या आक्षेपांचा विचार करून तिची सुधारित आवृत्ती तयार केली. तिच्यात प्रत्येक जेवणात लोहयुक्त एक पदार्थ व ऊर्जादायी एक पदार्थ असावा आणि घशात अडकणारे पदार्थ टाळावेत, असे मार्गदर्शन पालकांना देण्यात आले. २०६ कुटुंबांच्या या चाचणीत अन्न घशात अडकण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक आढळले नाही आणि लोहाच्या पातळीतही फरक दिसला नाही. बाळाने स्वतः खाल्ल्यास पुढे लठ्ठपणा टळतो, हा दावा मात्र या चाचणीत सिद्ध झाला नाही. खाण्याबाबतचा चोखंदळपणा काहीसा कमी आढळला. हे निष्कर्ष मार्गदर्शन मिळालेल्या पालकांपुरते आहेत, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

प्रतिसादी भरवणे

बाळाला घास भरवणे आणि त्याने स्वतः खाणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रतिसादी भरवण्याची शिफारस आहे. बाळाच्या भुकेच्या व तृप्तीच्या खुणा ओळखून त्यानुसार घास पुढे करणे किंवा थांबणे, असा तिचा अर्थ आहे. पुढे झुकणे, तोंड उघडणे, अन्नाकडे हात नेणे या भुकेच्या खुणा होत. तोंड फिरवणे, ओठ मिटणे, चमचा ढकलणे या तृप्तीच्या खुणा होत. हात धरून, नाक दाबून किंवा रडताना उघडलेल्या तोंडात घास कोंबणे धोकादायक असते, कारण रडताना श्वास आत घेतला जाताच अन्न श्वासमार्गात जाऊ शकते. मोबाइलच्या पडद्यात गुंतवून भरवल्यास बाळाचे स्वतःच्या भुकेकडे लक्ष राहत नाही.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने तत्कालीन आंध्र प्रदेशातील ६० खेड्यांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पूरक आहाराविषयी मातांना घरोघरी मार्गदर्शन दिल्याने बालकांचा आहार सुधारला. त्यासोबत प्रतिसादी भरवणे व खेळ यांचेही शिक्षण मिळालेल्या गटातील बालकांचे बौद्धिक विकासाचे गुणांक अधिक आढळले.

नवा पदार्थ पहिल्यांदा नाकारणे स्वाभाविक आहे. तोच पदार्थ आग्रह न करता आठ-दहा वेळा पुढे ठेवल्यास अनेक बाळे तो स्वीकारतात.

पोषणाची गरज

पुरेसे स्तनपान चालू असलेल्या बाळाला पूरक आहारातून मिळावयाची सरासरी ऊर्जा पुढीलप्रमाणे मानली जाते:

६ ते ८ महिने: दररोज सुमारे २०० किलोकॅलरी, दिवसातून २ ते ३ वेळा
९ ते ११ महिने: दररोज सुमारे ३०० किलोकॅलरी, दिवसातून ३ ते ४ वेळा
१२ ते २३ महिने: दररोज सुमारे ५५० किलोकॅलरी, दिवसातून ३ ते ४ वेळा व गरजेनुसार मधले खाणे

बाळाच्या जठराची क्षमता वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० मिलिलीटर असते. आठ किलो वजनाच्या बाळाचे पोट एका मोठ्या वाटीत भरते. त्यामुळे डाळीचे वरचे पाणी, भाताची निवळ किंवा फळांचा रस दिल्यास पोट भरते, पण पोषण होत नाही. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतके अन्न दाट असावे.

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या शरीरातील लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अल्प असते. म्हणून आरंभापासूनच डाळी, अंडे, मासे, मांस किंवा लोहसमृद्ध धान्यपीठ आहारात असणे आवश्यक ठरते. शाकाहारी जेवणावर लिंबू पिळल्यास किंवा सोबत पेरूसारखे फळ दिल्यास लोहाचे शोषण वाढते. चहामुळे ते घटते. चहात बुडवलेले बिस्किट हा अनेक घरांतील पहिला खाऊ या दृष्टीने अयोग्य आहे. पहिल्या वर्षी अन्नात मीठ व साखर घालू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो.

सुरक्षितता

खाताना येणारी ओकारीची उबळ आणि अन्न घशात अडकून गुदमरणे यांत फरक आहे. उबळ येताना बाळ खोकते, आवाज करते, चेहरा लाल होतो आणि घास पुढे येतो. लहान बाळांत ही प्रतिक्षिप्त क्रिया जिभेच्या पुढच्या भागातूनच सुरू होत असल्याने ती वारंवार दिसते व बहुधा निरुपद्रवी असते. गुदमरताना मात्र आवाज व खोकला बंद होतो आणि ओठ निळसर पडू लागतात.

एक वर्षाखालील बाळ गुदमरल्यास त्याला डोके खाली राहील असे पालथे धरून पाठीवर दोन्ही खांद्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारतात. अडथळा न सुटल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब देतात. ही क्रिया आलटून पालटून चालू ठेवून तातडीची वैद्यकीय मदत बोलावली जाते. या वयात पोटावर दाब देत नाहीत आणि न दिसणारा घास बोटाने काढण्याचा प्रयत्नही करत नाहीत, कारण तो आणखी आत सरकू शकतो.

शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, अख्खी द्राक्षे, कच्चे गाजर, सफरचंदाची कडक फोड व गोळ्या हे पदार्थ धोक्याचे आहेत. द्राक्षे उभी चिरून चार भाग करून द्यावीत. दोन बोटांत सहज चिरडला जाणारा तुकडा सामान्यतः योग्य समजला जातो. बाळाने सरळ बसूनच खावे आणि त्या वेळी मोठे माणूस जवळ असावे. दाण्याचे बारीक कूट अन्नात मिसळून देता येते. पहिल्या वर्षातच शेंगदाण्याची ओळख करून दिल्यास त्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण घटते, असे लंडन येथे झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाबाबत मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो.

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये. त्यातील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळगुटी मधातून चाटवण्याच्या प्रथेलाही हे लागू पडते. खाण्यापूर्वी बाळाचे व भरवणाऱ्याचे हात साबणाने धुणे आवश्यक आहे, कारण या वयातील जुलाबाचे प्रमुख कारण दूषित अन्न, पाणी व हात हे असते.

महाराष्ट्रातील प्रथा

अन्नप्राशन हा हिंदूंच्या सोळा संस्कारांपैकी एक असून गृह्यसूत्रांत त्यासाठी सहावा महिना सांगितला आहे. महाराष्ट्रात या विधीला उष्टावण म्हणतात. अनेक कुटुंबांत मामाच्या किंवा आजोबांच्या मांडीवर बाळाला बसवून खिरीचा पहिला घास दिला जातो. त्यानंतर भाताची पेज, तूप घातलेला गुरगुट्या वरण-भात, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि नाचणीचे सत्त्व असा क्रम रूढ आहे. मोड आणलेल्या नाचणीत तयार झालेली विकरे पिष्ठाचे विघटन करतात. त्यामुळे तिची लापशी पीठ जास्त घालूनही फार घट्ट होत नाही आणि थोड्या घासांत अधिक ऊर्जा मिळते.

चिऊ-काऊच्या नावाने घास भरवण्याच्या पद्धतीत बाळाशी बोलणे, त्याची नजर वेधणे आणि घास संपेपर्यंत थांबणे हे प्रतिसादी भरवण्याचे घटक आहेत. मात्र ठरवलेला वाटीभर भात संपवण्यासाठी तिचा वापर होऊ लागला, की बाळाच्या नकाराला जागा उरत नाही. आपल्या ताटाशेजारी बाळाची छोटी ताटली मांडून, काही घास भरवणे व काही त्याला स्वतः उचलू देणे, हा मार्ग अनेक घरांत पूर्वापार चालत आला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ सुमारे ११ टक्के बालकांना किमान पुरेसा आहार मिळत होता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी घरी नेण्याचा शिधा दिला जातो. बाटल्या व डबाबंद शिशुआहार यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने निर्बंध घातले आहेत.