आमच्या परसातला पिंगळा आणि रानातला रानपिंगळा

गुरुजी म्हणाले, "हिवाळ्यात समुद्रकाठी लांबलांबचे पक्षी येतात." मी म्हटलं, "गुरुजी, आपल्या लोणखेड्याला समुद्र कुठंय?" गुरुजी हसले. म्हणाले, "गोमाई आहे ना! आणि घरामागचं परस आहे. तिथं बघ."

म्हणून मी दिवाळीनंतर रोज सकाळी वही घेऊन बसलो. सूर्य पाठीमागे ठेवायचा, म्हणजे रंग नीट दिसतो. हलायचं नाही, बोलायचं नाही.

नदीकाठी धोबी पक्षी दिसला. काळा-पांढरा, शेपटी सारखी खालीवर. आमच्या गोठ्याच्या कुंपणावर थिरथिरा येतो, त्याची तांबूस शेपटी थंडी वाजल्यासारखी थरथरते. हे दोघे उन्हाळ्यात हिमालयाकडे आणि त्याच्याही पलीकडे असतात. ते थंडीला घाबरून येतात असं मला वाटायचं. पण तसं नाही. तिकडे बर्फ पडलं की किडे मिळत नाहीत, म्हणून येतात. भोरड्या मात्र थव्याने ज्वारीवर उतरतात, तेव्हा बाबा गोफण फिरवतात. भोरड्या टोळ आणि नाकतोडेही खातात, हे मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मग ज्वारी सोडून तेच खा म्हणावं!"

आता खरी गोष्ट. आमच्या परसातल्या निंबाच्या ढोलीत पिंगळा राहतो. पिंगळा ओरडला की अपशकुन, असं काही लोक म्हणतात आणि पोरं दगड मारतात. खरं सांगतो, मी पण मागच्या वर्षी गलोलीने मारला होता. लागला नाही, पण आठ दिवस तो ढोलीकडे फिरकला नाही. आजी फार रागावली. म्हणाली, "तो उंदीर खातो, तुझं काय खातो रे?"

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा गुरुजींनी रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हा पिंगळ्याचा भाऊबंद. १८८४ साली जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला तो खानदेशात मिळाला. नंतर तो कोणालाच सापडेना. मायनर्ट्‌झहागेन नावाच्या एका साहेबाने मात्र आपल्याकडच्या मेलेल्या रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर '१९१४, गुजरात' असं लिहून ठेवलं होतं. ते खोटं होतं! तो नमुना चोरलेला, जुनाच होता. लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून भलत्याच जागी शोधत राहिले. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ही लबाडी ओळखली. मग त्या जुन्या, खऱ्या जागा शोधत दोन सोबत्यांबरोबर आल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांना रानपिंगळा दिसला. कुठे? आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात! ११३ वर्षांनी!

मी तर उडालोच. शहादा म्हणजे आपल्या शेजारीच की! घरी पळत आलो आणि निंबाखाली बसलो. ओळखायची खूण अशी: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साफ असतं, आणि तो भर दिवसाही शिकार करतो. संध्याकाळी आमचा पिंगळा बाहेर आला, मान खालीवर केली, माझ्याकडे टक लावून पाहिलं. डोक्यावर ठिपकेच ठिपके!

थोडं वाईट वाटलं. गुरुजी म्हणाले, "रानपिंगळा गावात कशाला येईल? त्याला जंगल लागतं, जुनी ढोलीची झाडं लागतात. ती तुटली तर तो पुन्हा हरवेल."

वर्गातल्या एका मित्राचे मामा तोरणमाळच्या रस्त्याला राहतात. ते म्हणतात की दिवसा ओरडणारा पिंगळा त्यांनी पाहिलाय. डोकं कसं होतं ते त्यांना आठवत नाही. शाळेला सुट्टी लागली की मी आणि मित्र तिकडे जाणार आहोत. गलोल मी आजीजवळ देऊन टाकली. वही नेणार आहे, आणि वहीत खरी तारीख लिहिणार आहे.